छातीचा भाता काय सांगतो?

पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसाने आजारावर लेख लिहावा, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण एकदा माझ्याच घरात मी एक मोजमाप चुकलो होतो. आकडे बरोबर होते, उपकरण बरोबर होते. चुकली होती ती मोजायची गोष्ट. ती चूक थोडक्यात निभावली. तुमची तशी चूक होऊ नये म्हणून ही हकीकत सांगतो.

गोष्ट ऑगस्ट २००९ मधली. त्या वर्षीच्या वसंतात मेक्सिको आणि अमेरिका या देशांत इन्फ्ल्यूएन्झाचा एक नवा विषाणू आढळला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘स्वाइन फ्लू’ म्हटले. शास्त्रीय नाव एच-१ एन-१. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी ही जगभर पसरलेली साथ असल्याचे जाहीर केले. ३ ऑगस्टला पुण्यातील एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा या आजाराने मृत्यू झाला. भारतातला तो पहिला बळी. आठवड्याभरात पुण्याचे रूपच पालटले. शाळा-महाविद्यालयांना सुट्टी मिळाली, लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी आटली, आणि जो तो तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधून फिरू लागला. डॉ. नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या.

आम्ही नारायण पेठेत राहत होतो. मी नुकताच महाविद्यालयात व्याख्याता म्हणून लागलो होतो, आणि धाकटा भाऊ अकरावीत होता. गणपती अवघ्या दोन आठवड्यांवर आल्यामुळे तो रोज संध्याकाळी भिडे पुलाजवळ ढोलाच्या सरावाला जाई. १० ऑगस्टच्या संध्याकाळी तो लवकर परतला तो कुडकुडतच. तासाभरात ताप ३९.४ अंश सेल्सिअसवर गेला.

माझा सुंदर आलेख

साधे पडसे आणि फ्लू यांतला फरक तिथेच दिसतो. पडसे पाहुण्यासारखे चाहूल देत येते. आधी घसा खवखवतो, मग शिंका, मग नाक वाहू लागते. ताप आलाच तर थोडा. फ्लू मात्र दार धाडकन उघडून आत शिरतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी अंथरुणाला खिळतो. जोराचा ताप, डोकेदुखी, अंग मोडून काढल्यासारखे दुखणे, कोरडा खोकला आणि विलक्षण थकवा ही त्याची मुख्य लक्षणे. विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत ती दिसू लागतात.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी भावाला तपासले. विश्रांती, भरपूर पाणी, पेज, तापासाठी पॅरासिटामॉल आणि वेगळी खोली, असे त्यांनी सांगितले. बहुतेक निरोगी माणसे एवढ्यावर आठवड्याभरात बरी होतात. “काही वेगळे वाटले तर लगेच या,” असेही ते म्हणाले. ते ‘वेगळे’ म्हणजे काय, हे मी विचारले नाही.

मी मात्र आलेखाचा कागद घेतला. दिवसातून चार वेळा ताप मोजून मी ठिपके मांडत गेलो. पहिले तीन दिवस रेघ वर राहिली, चौथ्या दिवशी ती खाली आली, आणि पाचव्या दिवशी ताप ३७ वर! भाऊ उठून बसला, मऊ भात जेवला आणि “दादा, उद्या सरावाला जाऊ का?” म्हणून विचारू लागला. तो आलेख मी घरात सर्वांना दाखवला.

सहाव्या दिवशी दुपारी पुन्हा थंडी वाजली. ताप ३८.६ होता. पहिल्या दिवसापेक्षा तो कमीच, म्हणून मी फारसा घाबरलो नाही. तेवढ्यात आजी त्याला पाणी द्यायला आत गेली आणि दारातूनच मला ओरडली, “अरे, ताप काय बघत बसलास? त्याचा भाता बघ!”

मी पाहिले. सदऱ्याखाली छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती. मी घड्याळ लावून श्वास मोजले. एका मिनिटात ३६! भावाला “कसे वाटते?” म्हणून विचारले, तर “दादा... मला... बरं वाटत नाही” एवढे बोलायला त्याला दोनदा थांबावे लागले. आम्ही त्याला तडक रुग्णालयात नेले. क्ष-किरण चित्रात उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा ढग दिसत होता. डॉक्टरांनी न्यूमोनियाचे निदान केले.

फुप्फुसात काय घडते?

ताप ही शरीराने शत्रूविरुद्ध केलेली आरोळी आहे. आरोळी ऐकून लढाई चालू आहे एवढे समजते; कोण हरतो आहे ते समजत नाही. ते पाहायचे तर रणांगणावर जावे लागते, आणि फ्लूचे रणांगण म्हणजे श्वासमार्ग.

फ्लूचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाचा असतो. असे दहा हजार विषाणू एका रांगेत ठेवले, तर ती रांग जेमतेम एक मिलिमीटर लांब होईल. तो नाकातील, घशातील आणि श्वासनलिकेतील पेशींत शिरतो आणि तिथे आपल्या प्रती काढून घेतो. या पेशींवर अतिसूक्ष्म केस असतात. ते सतत हलत असतात आणि चिकट स्रावाबरोबर धूळ व जंतू वर, घशाकडे, लोटत असतात. अहोरात्र राबणारे हे झाडूवालेच म्हणा ना! फ्लूचा पहिला घाव या झाडूवाल्यांवर पडतो.

आता थोडे आणखी खाली उतरू. श्वासनलिकेला फांद्या फुटत फुटत शेवटी हवेचे इवले फुगे लागतात. त्यांना वायुकोश म्हणतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून असे तीस कोटींहून अधिक वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले, तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे आपल्या शाळेच्या एका मोठ्या वर्गाएवढी. हवा आणि रक्त यांच्यामध्ये इथे जो पडदा असतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. प्राणवायू या पडद्यातून झिरपून रक्तात जातो.

झिरपण्याचा नियम सोपा आहे. पडद्याचे क्षेत्रफळ जितके मोठे, तितका वायू जास्त जातो. पडद्याची जाडी जितकी वाढेल, तितका तो कमी जातो. न्यूमोनियात या दोन्ही गोष्टी बिघडतात. वायुकोशांत पाणी आणि पू साचतो, त्यामुळे कामाचे क्षेत्रफळ घटते. भिंती सुजतात, त्यामुळे जाडी वाढते. चाळणीला ओले पीठ चिकटून बसले की कितीही हलवली तरी खाली काही पडत नाही, तसाच हा प्रकार. कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो, म्हणून तो बराच काळ बाहेर पडत राहतो. प्राणवायू पाण्यात फारच कमी विरघळतो, म्हणून आधी त्याचीच वाट अडते.

मग शरीर काय करते? भाता जोरात चालविते. निरोगी मोठा माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. प्रत्येक श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत जाते. हवा पुरेशी कामास येईना, की श्वासांची संख्या वाढते. मानेचे स्नायू ताणले जातात, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. आपण बोलतो ते श्वास सोडताना. श्वास घाईने घ्यावा लागला की बोलायला वेळच उरत नाही, आणि वाक्य मध्येच तुटते. भावाच्या तुटलेल्या वाक्याचा अर्थ हा होता.

दोन वाटा, एक संकट

फ्लूतून न्यूमोनियाकडे जाणाऱ्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिल्या वाटेने विषाणू स्वतःच खाली वायुकोशांपर्यंत उतरतो. अशा रोग्याचा ताप मध्ये उतरत नाही. आजाराच्या पहिल्या काही दिवसांतच धाप लागते आणि ती तासातासाने वाढत जाते. दुसरी वाट अधिक फसवी आहे. झाडूवाले मेलेले असतात, राखण उरलेली नसते. नाकाघशात एरवी निमूट राहणारे जीवाणू ही संधी साधून फुप्फुसांत उतरतात. रोगी बरा होऊ लागतो, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि एक-दोन दिवसांनी ताप व खोकला पुन्हा उलटतो. माझ्या आलेखावरची खाली आलेली रेघ नेमकी अशीच फसवी होती.

ही दुसरी वाट महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिली आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून फ्लूची साथ आत शिरली. पहिली लाट बेताची होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली ती काळासारखी. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे मरण पावली. संपूर्ण हिंदुस्थानात एक कोटी वीस लाख ते दोन कोटी माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे. आपल्याकडे लोकांनी या रोगाला ‘मानमोडी’ हे नाव दिले. आजीची आई त्या साथीतून वाचली होती, आणि ‘भाता बघ’ हे शहाणपण आजीला तिच्याकडूनच मिळाले होते.

त्या काळी फ्लूचे कारण कोणालाच नीट ठाऊक नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ फायफर यांना १८९२ मध्ये फ्लूच्या रोग्यांत एक जीवाणू सापडला होता, आणि तोच गुन्हेगार असे अनेक जण मानत. खरा गुन्हेगार, म्हणजे माणसातील फ्लूचा विषाणू, १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी शोधला. पुढे २००८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९१८ च्या मृतांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने तपासले. तेव्हा दिसले, की बहुतेकांचा शेवट विषाणूच्या पाठोपाठ शिरलेल्या जीवाणूंच्या न्यूमोनियाने झाला होता. १९१८ मध्ये प्रतिजैविके नव्हती. आज ती आहेत; रोगी वेळेवर पोहोचला मात्र पाहिजे.

धोक्याचे कंदील

रोगी कधी न्यायचा? २००९ च्या साथीत भारत सरकारने रोग्यांचे अ, ब, क असे गट पाडले होते. सौम्य ताप-खोकल्याचा ‘अ’ गट घरीच राहील. ज्यांना जोराचा ताप आहे किंवा ज्यांची प्रकृती मुळातच नाजूक आहे, त्यांचा ‘ब’ गट डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेईल. ‘क’ गटाला मात्र ताबडतोब रुग्णालयात दाखल करावे. ‘क’ गटाची आणि एकूणच गंभीर फ्लूची लक्षणे अशी :

१. धाप लागणे, श्वास भराभर चालणे, बोलताना वाक्य तुटणे.

२. छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे.

३. ओठ किंवा नखे निळसर दिसणे.

४. ग्लानी, असंबद्ध बोलणे, जागे करूनही नीट जागे न होणे, झटके येणे.

५. रक्तदाब उतरणे, उभे राहताच भोवळ येणे.

६. पाणीही पोटात न ठरणे. लहान मुलाला आठ तासांत लघवी न होणे.

७. तान्ह्या मुलाने दूध न पिणे, सतत किरकिरणे किंवा अगदी मलूल पडून राहणे.

८. बरे वाटू लागल्यावर ताप किंवा खोकला उलटून येणे.

यांपैकी एकही कंदील लागला, तर सकाळची वाट पाहू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

पाच वर्षांखालील मुले (त्यातही दोन वर्षांखालची), ६५ वर्षांवरील वृद्ध, गरोदर स्त्रिया, तसेच दमा, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणारे यांना धोका अधिक. त्यांनी फ्लूची लक्षणे दिसताच डॉक्टरांना गाठावे. त्यांच्यासाठी दरवर्षी घ्यायची लसही असते. विषाणू आपले रूप बदलत राहतो, म्हणून लसही बदलावी लागते.

फ्लूचे उपद्रव फुप्फुसांपुरतेच राहत नाहीत. कान ठणकतो, दमा उसळतो. मुलांच्या पोटऱ्या इतक्या दुखतात, की चालवत नाही. क्वचित हृदयाच्या स्नायूला किंवा मेंदूला सूज येते. छातीतली धडधड, झटके किंवा भ्रम यांकडे म्हणूनच दुर्लक्ष करू नये.

श्वास कसा मोजावा?

आता प्रयोगाकडे वळू. साहित्य : सेकंदकाटा असलेले घड्याळ. कृती : रोगी शांत पडलेला किंवा बसलेला असावा. छाती किंवा पोट एकदा वर जाऊन खाली आले की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले, तर चूकही चौपट होते. एक खबरदारी मात्र घ्या. मोजत आहोत हे रोग्याला सांगू नका! कोणी आपला श्वास मोजतो आहे हे कळताच माणूस नकळत श्वास बदलतो. नाडी पाहण्याचे सोंग करून श्वास मोजावा, ही डॉक्टरांची जुनी युक्ती आहे.

तापाने श्वास थोडा वाढतोच, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजावा. मोठ्या माणसाचा श्वास ३० किंवा त्याहून अधिक असेल, तर ते गंभीर समजावे. शाळकरी मुलांचा शांत श्वास साधारण १८ ते २५ असतो. त्याहून लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा ठरवून दिल्या आहेत. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, आणि एक ते पाच वर्षे ४०. आकडा इथवर पोहोचला, की श्वास जलद झाला असे मानतात.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, “बोटाला लावायचे ऑक्सिमीटर असताना हे कशाला?” २०२० च्या करोनाच्या साथीपासून ते यंत्र अनेक घरांत आले आहे. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्याचे तत्त्व मांडले. प्राणवायू असलेले रक्त आणि नसलेले रक्त तांबडा व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्या फरकावरून यंत्र आकडा काढते. तो ९४ च्या खाली गेला, तर डॉक्टरांकडे जावेच. (बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल, तर आकडा चुकू शकतो.)

पण या आकड्याची एक मेख आहे. रक्तातील प्राणवायूचा दाब १०० वरून ६० मिलिमीटरवर, म्हणजे चाळीस टक्क्यांनी घसरला, तरी ऑक्सिमीटरचा आकडा साधारण ९७ वरून ९० वरच येतो. त्यानंतर मात्र तो कोसळतो. सिंहगडाच्या माथ्यावर चालताना जमीन सपाट लागते, आणि एकदम कडा येतो, तसेच हे. आपण माथ्यावर निर्धास्त असतो, तेव्हाच भाता मात्र जोरात चालू लागलेला असतो. म्हणून यंत्र असले तरी श्वास मोजावाच.

औषधे आणि चुका

फ्लूच्या विषाणूवर ऑसेल्टामिव्हिर हे औषध आहे. पेशीतून बाहेर पडू पाहणाऱ्या नव्या विषाणूंची सुटका ते रोखते. पहिल्या ४८ तासांत दिले तर ते उत्तम काम करते. रोगी गंभीर असेल, तर डॉक्टर नंतरही देतात. गंमत अशी, की हे औषध बनविण्यासाठी लागणारे शिकिमिक आम्ल आपल्या मसाल्यातल्या चक्रीफुलापासून, म्हणजेच बाद्यानापासून, मिळवीत असत. अर्थात बाद्यान खाऊन फ्लू बरा होत नाही, हे ध्यानात ठेवा!

दोन चुका टाळा. मुलांना फ्लूच्या तापात ॲस्पिरीन कधीही देऊ नये. त्यामुळे क्वचित यकृत आणि मेंदू यांना इजा करणारा ‘राय’ नावाचा घातक विकार होतो. आणि प्रतिजैविके मनाने घेऊ नयेत. विषाणूवर ती चालत नाहीत. जीवाणू शिरले आहेत की नाहीत, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

भावाच्या घशातील स्रावाचा नमुना पुण्यातीलच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत गेला होता. तो नवाच विषाणू असल्याचे उत्तर आले. प्राणवायू, ऑसेल्टामिव्हिर आणि प्रतिजैविके यांच्या जोरावर तो नऊ दिवसांनी घरी आला, गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी. ढोल काही त्याला वाजवता आला नाही. विसर्जनाच्या दिवशी गॅलरीत खुर्ची टाकून त्याने मिरवणुकांचा आवाज ऐकला, आणि मी त्याच्या शेजारी बसून गुपचूप त्याचे श्वास मोजले. सोळा!

तुम्हीही आज घरी सर्वांचे श्वास मोजून वहीत लिहून ठेवा. आजोबा झोपलेले असताना, धाकटी बहीण वाचत असताना. निरोगी माणसाचा भाता कसा चालतो हे ज्याने पाहून ठेवले आहे, त्याला बिघडलेला भाता दारातूनच ओळखू येतो; माझ्या आजीला आला तसा.